टेबल मोजा, मंग कीबोर्ड घ्या

दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईचं पत्र आलं. लांबलचक आहे, इथं कामापुरतं देतो:

"दादा, घरात कॉम्प्युटर एक अन् हात लावणारे पाच. मी बचत गटाची सचिव, मिटिंगचं प्रोसिडिंग अन् कर्जाचे अर्ज मीच टाइप करते. आमचे हे रात्री कृषी केंद्राचा हिशोब टाकतात. मोठ्या पोरीनं मराठी टायपिंगचा ३० चा क्लास लावला, ती घरी प्रॅक्टिस करते. लहाना सातवीत, त्याले गेम पायजे. अन् मामाजी रिटायर मास्तर, वय ७१, त्यायचे अर्ज-विनंत्या चालूच असतात. कॉम्प्युटर मामाजींच्या सागवानी टेबलावर ठेवला, खुर्ची प्लास्टिकची. जुन्या कीबोर्डची अक्षरं पुसली, मामाजींनी एक बटन दाबलं का चार अक्षरं उमटतात, अन् माझ्या उजव्या मनगटात कळ येते. हे म्हणतात बाजूले नंबर असलेला पायजे, पोरगी म्हणते मराठी अक्षरांवाला, पोट्टं म्हणते लाइटवाला मेकॅनिकल. दोन हजार बाजूले काढून ठेवले. सगळ्यायले जमन असा कोणता घेऊ?"

ताई, तुम्ही कीबोर्डबद्दल विचारलं पण मी सागवानी टेबल अन् प्लास्टिकची खुर्ची इथंच अडकलो. पत्र बाजूले ठेवून पहिले एक काम करा, शिलाईच्या डब्यातला टेप काढा अन् टेबलाची उंची मोजा. जुनं लिहायचं टेबल असन तं २९-३० इंच निघन, कारण ते पेनानं लिहायसाठी बनवलं होतं. पेनानं लिहिताना माणूस टेबलावर रेलते, कोपर वर टेकवते, चालून जाते. टायपिंगमधे हात अधांतरी चालतात. तुमच्या खुर्चीची बसायची जागा जमिनीपासून असन १६-१७ इंच, अन् खांदे सैल सोडून बसलं का बाईमाणसाचं कोपर तिथून साधारण ८-९ इंचावर येते, म्हणजे गेलं २५-२६ वर. टेबल ३०, वरून कीबोर्डची जाडी. तुम्ही चार-पाच इंच वर हात उचलून, खांदे कानाजवळ नेऊन प्रोसिडिंग टाइप करून राहिल्या, असं दोन तास केलं तं सोन्याचा कीबोर्ड आणला तरी दुखनच.

आमच्या वेळी टायपिंग इन्स्टिट्यूटमधे मशीनचे टेबल वेगळे राहत, चांगले बुटके, नवीन पोट्टे हसत का हे काय लहान लेकरांचं टेबल आहे. मशीनच अर्धा फूट उंच असे म्हणून टेबल खाली घेतलं होतं, त्या काळच्या सुताराले हे समजत होतं. कॉम्प्युटर आले अन् आपण ते जेवायच्या टेबलावर, शिलाई मशीनवर, मिळन तिथं ठेवून दिले.

आता मामाजींच्या सागवानी टेबलाचे पाय कापा असं मी काही म्हणत नाही, मले माहीत आहे त्या घरात त्यानंतर काय होईन. दोन उपाय आहेत. एक, खुर्चीवर वाकळ घडी करून टाका, तीन-चार इंच उंची येईन अशी, अन् खाली पायाले पाट नाही तं दोन विटा ठेवा, कारण बूड वर गेलं का पाय लोंबकळतात अन् मंग मांड्या अन् कंबर दुखते. कोपर अन् बटनं एका पातळीवर आली पायजे, बटनं इंचभर खाली असली तं अजून चांगलं. दुसरा उपाय पक्का, गावातल्या सुताराले सांगून टेबलाच्या खाली चॅनलवर सरकणारी फळी लावून घ्या. फक्त फळी इतकी रुंद घ्या का कीबोर्डसोबत माउसही त्याच्यावरच बसला पायजे. लय लोक इथं चुकतात, कीबोर्ड खाली फळीवर अन् माउस वर टेबलावर, मंग दिवसभर एक हात झेंडावंदनाले उभा. अन् फळी लावायच्या आधी बसून पाहा का मांडीले अडकते का, सागवानी टेबलाले खाली ड्रॉवर राहते, त्याच्या खाली अजून फळी गेली तं गुडघे कुठं ठेवसान.

तुमच्या दोन हजारातला पहिला खर्च हा आहे. वाकळीचा उपाय केला तं तोही नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही लिहिलं का उजव्या मनगटात कळ येते. टायपिंग तं आपण दोन्ही हातानं करतो, मंग एकच मनगट काहून दुखावं? माझा संशय माउसवर आहे. असं होते का पूर्ण साइजच्या कीबोर्डमधे उजव्या बाजूले नंबरची बटनं असतात, म्हणून माउस पार तिकडं लांब जाते अन् आपण कोपर बाहेर काढून, हात ताणून तो फिरवतो. त्यात आपण कीबोर्ड ठेवतो स्क्रीनच्या बरोबर मधात, म्हणजे डब्बा मधात दिसते पण अक्षरं डावीकडं सरकलेली राहतात. कीबोर्ड असा सरकवा का जी अन् एच या दोन बटनांच्या मधली फट तुमच्या बेंबीसमोर आली पायजे, स्क्रीन त्याच रेघेत आणा. अन् माउसचं काम चालू असन, नुसतं वाचणं, पानं खालीवर करणं, तं कीबोर्ड डावीकडं ढकलून माउस समोर घ्या, त्याले काही मुहूर्त लागत नाही. उजव्याची कळ जास्त असन तं महिनाभर माउस डाव्या हातात घेऊन पाहा, पहिले चार दिवस राग येईन, मंग जमते.

अन् कीबोर्डच्या मांगं जे दोन छोटे पाय उघडतात ते मिटवून टाका. सगळे जण नवीन कीबोर्ड आणला का आधी तेच उघडतात, जसं काही उघडलेच पायजे. ते उघडले का मांगची बाजू उंच होते, अन् बटनांवर बोटं न्यायले मनगट वर मोडावं लागते, सलाम करताना मोडते न तसं. मनगट सरळ पायजे, हाताच्या रेघेत. बटनाकडं पाहून पाहून टाइप करणाऱ्याले पाय उघडून बरं दिसते एवढाच त्याचा उपयोग. टाइप करता करता मनगट टेबलाच्या काठावर टेकवून ठेवायची सवय असन तं तीही सोडा, सागवानाचा काठ धारदार असते, थांबलं तेव्हा टेकवा, चालू असताना नाही. ते जेलवाले मनगटाचे उशीसारखे पट्टे विकतात न, तेही थांबल्यावर टेकवायचेच असतात, मी एक घेतला होता, उंदरानं कुरतडून त्यातलं जेल बाहेर काढलं, ते प्रकरण तिथंच संपलं.

एक गोष्ट मात्र गंमतीत नाही सांगत. अंगठा, त्याच्या बाजूचं बोट अन् मधलं बोट, यायले मुंग्या येत असतीन, रात्री झोपेतून हात बधिर होऊन जाग येत असन, हातातून कप सुटत असन, तं हे डॉक्टरले दाखवायचं काम आहे, मनगटातून जाणारी शीर दबली का असं होते. अन् दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तुम्ही कापूस वेचाले जात असान तं तेही डॉक्टरले सांगा. बोंडातून कापूस ओढताना दिवसभर बोटं अन् मनगटच चालतात, अन् संध्याकाळी पुन्हा कीबोर्ड. आपल्याकडं बाया मनगट दुखलं का तेल लावून पट्टी बांधतात अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा वावरात. सगळा दोष बिचाऱ्या कीबोर्डवर येते.

आता या कीबोर्डकडं. सगळ्यायले जमन असा एक कोणता, तं माझं उत्तर असं आहे का एक घेऊच नका, दोन ठेवा. कॉम्प्युटरले दोन यूएसबी कीबोर्ड एकाच वेळी लावता येतात, दोन्ही चालतात, काही सेटिंग नाही, लोकायले हे माहीतच नसते. ज्याची पाळी त्याचा समोर, दुसरा स्क्रीनच्या मांगं उभा करून ठेवायचा. अन् दोन म्हणजे दोन विकत नाही. एक नवा घ्या, दुसरा तुमचा तोच जुना, अक्षरं पुसलेला. तो पोरीले द्या.

हसू नका. टायपिंग शिकणाऱ्याले अक्षरं पुसलेला कीबोर्ड म्हणजे लॉटरी आहे. आम्ही क्लासमधे पोरायच्या हातावर रुमाल टाकत होतो, का बटनं दिसू नाही. एफ अन् जे या बटनांवर छोटे उंचवटे असतात, डोळे मिटून बोटानं चाचपले का हात जागेवर आला समजायचं, बाकी सगळं तिथून मोजून. ती म्हणते मराठी अक्षरांवाला पायजे, मी म्हणतो तिले तोच नको. अक्षरं छापलेला घेतला तं परीक्षेच्या दिवशीपर्यंत नजर खालीच राहीन अन् ३० चा स्पीड काही येणार नाही. मिनिटाले ३० शब्द म्हणजे दर दोन सेकंदाले एक शब्द, त्यात खाली पाहायले वेळ कुठं आहे. फक्त त्या जुन्याची बटनं नीट दबतात का, एखादं अडकते का ते पाहून घ्या. अडकत असन तं मात्र नाही, चुकीची सवय लागते.

मराठीच्या बाबतीत एक घोळ समजून घ्या, नाही तं दुकानदार काहीबाही गळ्यात मारन. मराठी टाइप होणं कीबोर्डच्या डब्ब्यावर नसते, कॉम्प्युटरमधे कोणता लेआउट, म्हणजे कोणत्या बटनाले कोणतं अक्षर ही मांडणी, चालू आहे त्याच्यावर असते. डब्बा तोच, अक्षरं बदलतात. आपल्या घरात तीन पद्धती चालू असतीन अन् एकमेकायले पत्ता नाही. तुम्ही बहुतेक फोनेटिक वापरता, म्हणजे इंग्रजी अक्षरात नमस्कार ठोकलं का मराठीत नमस्कार उमटते. विंडोज १० मधे २०१९ च्या मे मधल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच दिलेलं आहे, सेटिंगमधे भाषेत जाऊन मराठी जोडायचं, त्यातून फोनेटिक निवडायचं, मंग विंडोजचं बटन अन् स्पेस सोबत दाबलं का इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. दुसरी पद्धत इनस्क्रिप्ट, ती सरकारनं १९८६ मधे ठरवली, बहुतेक भारतीय भाषायले एकच मांडणी. डाव्या हातात स्वर अन् मात्रा, उजव्या हातात व्यंजनं. के दाबलं का क, शिफ्टसोबत के दाबलं का ख, डी दाबलं का पाय मोडते. बोलतो त्याच क्रमानं टाइप करायचं, कि लिहायचं तं आधी क मंग वेलांटी. अन् तिसरी रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टायपरायटरची, त्यात कि लिहायचं तं वेलांटी आधी अन् क मांगून, कारण कागदावर ती डावीकडून आधी येते न.

आता तुमच्या पोरीच्या क्लासमधे यातलं कोणतं चालते ते तिले नीट विचारा अन् घरी तेच टाका. टायपिंगची परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, मराठी ३० अन् ४० अशी, अन् क्लासवाले त्याच परीक्षेच्या हिशोबानं शिकवतात. घरी एक लेआउट अन् क्लासले दुसरा असं झालं का पोरगी दोन्हीकडं हुकते, बोटायची सवय अशी असते का डोक्यानं कितीही सांगा, बोटं आपल्याच रस्त्यानं जातात. अन् तिची प्रॅक्टिस झाली का तिनं लेआउट पुन्हा इंग्रजीवर करून उठायचं हा घरचा कायदा करा, नाही तं तुमचे हे रात्री हिशोबात मालाचं नाव टाकायले जातीन अन् स्क्रीनवर भलतंच उमटन, अन् मंग कीबोर्ड बिघडला म्हणून बोंब.

तुमच्या ह्यायची मागणी मात्र बरोबर आहे. हिशोबाले बाजूची नंबरची बटनं लागतातच, खताच्या बॅगा अन् उधारीचे आकडे वरच्या ओळीतून टाकायचे म्हणजे डोक्याले ताप. पाच या बटनावर उंचवटा असते, मधलं बोट त्याच्यावर ठेवलं का न पाहता आकडे पडतात. म्हणून नवा कीबोर्ड पूर्ण साइजचाच घ्या, १०४ बटनांचा, कमी नाही. नुसते आकड्यांचेही वेगळे छोटे पॅड मिळतात पाचसहाशेले, अन् उद्या तुमचं मनगट ऐकत नसलं तं तो मार्ग आहे, बिनआकड्यांचा छोटा कीबोर्ड तुमाले अन् पॅड त्यायले, पण आज तेवढा खर्च नका करू. आकडे उमटत नसतीन तं नमलॉकचं बटन चालू आहे का पाहा, दर आठवड्याले कोणीतरी माझ्याकडं एवढ्यासाठी येते. अन् रुपयाचं चिन्ह, ते २०१० मधे आलं, कीबोर्डवर चारच्या बटनावर छापलेलं असन तं कंट्रोल, ऑल्ट अन् चार सोबत दाबा, फक्त विंडोजमधे इंग्लिश इंडिया निवडलेलं पायजे. बिलावर रु. टाकायची गरज नाही मंग.

मामाजींचं सांगतो, अन् हे वाचून त्यायलेही ऐकवा. एक बटन दाबलं का चार अक्षरं उमटतात, त्यात कीबोर्डचा दोष नाही. मास्तर लोकायची पिढी, मशीनवर जोर लावून शिकलेली नाही तं खडूनं फळ्यावर लिहिलेली, बटन दाबतात अन् दाबूनच ठेवतात, खात्री होईपर्यंत सोडत नाही. बटन दाबून ठेवलं का कॉम्प्युटर ते अक्षर पुन्हा पुन्हा टाकते, त्याची सेटिंग असते. कंट्रोल पॅनलमधे कीबोर्ड म्हणून आहे, त्यात रिपीट डिले, तो लाँगकडं ओढा, अन् रिपीट रेट स्लोकडं. दोन मिनिटांचं काम, फुकट.

अजून एक. मामाजींचा हात उजव्या शिफ्टवर नुसता टेकून राहत असन तं एक दिवस असं होईन का बटनं दाबूनही काहीच उमटणार नाही. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिलं का फिल्टर की नावाचा प्रकार चालू करू का असं कॉम्प्युटर विचारते, चुकून हो म्हटलं का मंग झटपट दाबलेली बटनं कॉम्प्युटर मानतच नाही. माझ्याकडं एक रिटायर गुर्जी एस्टीनं कीबोर्ड पिशवीत घालून घेऊन आले होते, वरून ऊन, मले म्हणे "दोन कीबोर्ड बदलले बाबू, दोन्ही तसेच." कीबोर्ड दोन्ही चांगले, घरी कॉम्प्युटरमधे फिल्टर की चालू. फोनवर त्यायच्या नातीकडून बंद करून घेतलं. शिफ्ट पाच वेळा दाबलं का असंच दुसरं एक, स्टिकी की, वर येते, त्याले नाही म्हणायचं. अन् अक्षरं दिसत नाही म्हणता तं नवा घेताना काळ्या बटनांवर ठळक पांढरी, मोठी छपाई पाहून घ्या. मोठ्या अक्षरांचे स्टिकर मिळतात, पण घामाच्या बोटानं उन्हाळ्यात कोपरे सुटतात, मले काही पटले नाही.

मामाजी हेही विचारतीनच का ही अक्षरं ए बी सी डी अशी ओळीनं काहून नाही. तं सांगा, ही मांडणी अमेरिकेत शोल्स नावाच्या माणसाच्या टायपरायटरवर आली, १८७४ मधे रेमिंग्टन कंपनीनं ते मशीन बाजारात आणलं, म्हणून आपल्या मराठीच्या जुन्या मांडणीलेही रेमिंग्टन नाव चिकटलं. ओळीनं काहून नाही याच्यावर मात्र जाणकार लोक अजून भांडतात, त्यात आपण पडू नये.

राहिलं पोट्टं. ताई, मेकॅनिकल वाईट नाही, उलट बोटायले तोच चांगला, मी स्वतः त्याच्यावरच काम करतो. साध्या कीबोर्डमधे आत रबराची चादर असते, बटन पार तळाले टेकवलं तेव्हा अक्षर उमटते. मेकॅनिकलमधे हरेक बटनाखाली वेगळी स्प्रिंग, बटन एकूण चार मिलिमीटर जाते पण दोनवरच अक्षर उमटते, म्हणजे बोट आपटावं लागत नाही. त्यात रंग असतात, निळे म्हणजे टकटक आवाजाचे, तपकिरी म्हणजे आवाज कमी पण बोटाले खुणेची ठेच लागते, लाल म्हणजे सरळ गुळगुळीत. टीव्हीएस गोल्ड म्हणून एक आहे, रेल्वेच्या रिझर्व्हेशन खिडकीवर तो टकटक आवाज ऐकला असन तुम्ही, वर्षानुवर्षं टिकते तो. पण एक तं तुमच्या दोन हजारात चांगला मेकॅनिकल बसत नाही, अन् जो बसते तो दिव्यांचा पैसा घेते, बटनांचा नाही. दुसरं, कॉम्प्युटर बैठकीत असन अन् मामाजी तिथंच झोपत असतीन तं रात्री नऊले निळ्या बटनांची टकटक सुरू झाली का घरात महाभारत.

अन् तिसरं म्हणजे कापूस. तुमच्या पट्ट्यात दिवाळीनंतर घरात कापूस असतेच, भाव चांगला मिळेपर्यंत एका खोलीत गंजी लावलेली, अन् त्याचे तंतू कुठं कुठं जातात हे मले नका सांगू, मी आजवर उघडलेल्या कीबोर्डांमधून एक उशी भरली असती. मेकॅनिकलमधे हरेक बटनाच्या खाचेत ते बसतात, काढायले लय वेळ लागते. साधा कीबोर्ड उलटा केला, दोन थापा मारल्या, पेंटच्या ब्रशनं झाडला, झालं. घरात कापूस असन तेव्हा आठवड्यातून एकदा वायर काढून एवढं कराच, अन् काम संपलं का वरून जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा टाका. ते सिलिकॉनचं कव्हर नको, एप्रिल-मे मधे बोटायले चिकटते.

पुसायचं तं बोअरच्या पाण्यानं अजिबात नाही, तुम्ही खारपाणपट्ट्यात राहता, त्या पाण्याचा पांढरा थर बादलीवर बसते तसाच बटनांच्या खाली बसन. दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते कापडावर थोडं घेऊन पुसायचं, ओतायचं नाही. त्याच कारणानं कीबोर्ड कूलरच्या झोतात ठेवू नका, खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात. चहा सांडला तं आधी वायर काढा, उलटा करा, अन् दोन दिवस सावलीत तसाच राहू द्या, उन्हात नाही, आपल्या मे महिन्याच्या उन्हात प्लास्टिक वाकते. साखरेचा चहा होता तं बटनं चिकटणारच, मंग पाचसहाशेचा होता म्हणून बरं वाटते.

वायरलेसचं तुम्ही विचारलं नाही पण दुकानदार दाखवनच. धान्याच्या घरात उंदीर वायर कुरतडतात, तेवढा एक मुद्दा वायरलेसच्या बाजूनं खरा आहे. पण त्याचं ते कॉम्प्युटरले लावायचं नखाएवढं डोंगल असते, पाच माणसायच्या घरात ते एक दिवस झाडूत जाते, आमच्या घरी गेलं, अन् डोंगलशिवाय कीबोर्ड म्हणजे नुसता पाट. त्यात ऐन अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सेल संपतात. वायरचाच घ्या, रात्री गुंडाळून वर ठेवून द्या.

तं हिशोब असा का पाचशे ते आठशेत पूर्ण साइजचा, वायरचा, रबराच्या चादरीवाला साधा कीबोर्ड, लॉजिटेक, डेल, एचपी कोणत्याही नावाचा, अन् उरलेल्या पैशात सुताराची फळी. ऑनलाइन नका मागवू, अमरावतीले नाही तं अकोल्याले कामानं जाणं होतेच, तिथं दुकानात हात लावून घ्या. डब्ब्यातून बाहेर काढून टेबलावर ठेवायले लावा अन् स्पेसची लांब पट्टी एकदा डाव्या टोकाले, एकदा उजव्या टोकाले दाबून पाहा, दोन्हीकडून सारखी खाली गेली पायजे, एका बाजूनं अडकली तं तो ठेवून द्या. एंटर मोठं आहे का पाहा. बोटानं ढकलून पाहा, घसरते का जागेवर राहते, खाली रबराचे ठिपके चांगले पायजे. खालून पाणी निथळायले भोकं असतीन तं पाच माणसायच्या घरात ती कामाची. बटनं मधात जराशी खोलगट असली तं बोट जागेवर बसते, पार सपाट असलेली दिसायले छान पण न पाहता टाइप करणाऱ्याचं बोट घसरते. नखानं अक्षर खरवडून पाहा, दुकानदार चिडन, चिडू द्या.

पोट्ट्याले सांगा का त्याच्या गेमले हाच चालते, अन् दिवेच पायजे असतीन तं दहावीनंतर पाहू. अन् दुकानात जाताना शक्य असन तं मामाजींले सोबत न्या, चष्मा घरी विसरू देऊ नका, छपाई कोणती दिसते ते त्यायलेच ठरवू द्या, बाकीच्या चौघायचं कोणत्याही कीबोर्डवर भागते.